भुरकेबुवांच्या तोंडचं पाणी

सगळी मानवी संस्कृती लाळेवर उभी आहे. लाळ नसती तर घास गिळता आला नसता, घास गिळता आला नसता तर माणूस टिकला नसता, आणि माणूस टिकला नसता तर राज्यं, तत्त्वज्ञानं, चुंबनं आणि उद्घाटनाची भाषणं यांपैकी काहीच झालं नसतं. हा सिद्धान्त भुरकेबुवांना सुचला तेव्हा ते रक्त-लघवी तपासणाऱ्या एका लॅबमधल्या स्टुलावर गुडघे जुळवून बसले होते. मान पुढे झुकलेली, खालचा ओठ रुसलेल्या पोरासारखा बाहेर काढलेला, हनुवटीखाली प्लास्टिकचा एक कप, आणि त्या कपात संस्कृतीचा एकही थेंब पडत नव्हता.

"थुंकायचं नाही हं काका," पांढऱ्या कोटातल्या मुलीने बजावलं होतं. "गिळायचं नाही, बोलायचं नाही. तोंडात साचेल तसं कपात गळू द्यायचं, मी थांबा म्हणेपर्यंत." एवढं बोलून तिने टेबलावरचं घड्याळ लावलं आणि पाठ करून ती काचेच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसली. तिचं पाठ करून बसणं भुरकेबुवांना सभ्यपणाचं वाटलं. काही गोष्टी माणसाला एकट्यानेच कराव्या लागतात, आणि लाळ गाळणं ही त्यांतली एक आहे हे त्यांना उतारवयात कळत होतं. तान्ही मुलं हे काम भर सभेत, कोणाच्याही खांद्यावर, हसत हसत करतात. त्यांना कोणी कप देत नाही. कप दिला की बहुधा त्यांचंही आटेल.

भुरकेबुवा हे त्यांचं नाव पेढीने ठेवलेलं होतं. पेढी चहाची. मळ्यांवरून आलेला चहा चाखायचा, त्याची जात ठरवायची, कुठला कशात मिसळायचा ते सांगायचं, हे त्यांचं काम. चाखणं म्हणजे पिणं नव्हे. पांढऱ्या कपांची लांब रांग लावलेली असते, चाखणारा चमचाभर चहा ओठांशी नेतो आणि मोठ्ठा भुरका मारतो, इतका मोठा की घरी कोणी मारला तर बायको उठून दुसऱ्या खोलीत जाईल. त्या भुरक्याने चहा फवाऱ्यासारखा टाळूवर, जिभेवर, नाकाच्या मागच्या पोकळीत उडतो, क्षणभर तोंडात फिरतो, आणि मग पिकदाणीत. पिकदाणीला चाकं असतात. ती चाखणाऱ्याबरोबर रांगेच्या कडेकडेने पुढे सरकते, एखाद्या इमानी पण बुटक्या नोकरासारखी. भुरकेबुवांना ती पायाशी लागत नसे. दीड-दोन हातांवरून ते न बघता बरोबर तिच्या तोंडात धार सोडत. नवी माणसं आली की त्यांना आधी हे दाखवलं जाई, मग कारखाना.

आणि मागच्या आठवड्यात, पावसाळी नाही, उकाड्याची नाही, कशाचीच नाही अशा एका सकाळी, रांगेच्या मध्यावर त्यांनी भुरका मारला आणि काहीच झालं नाही. बेचव हीसुद्धा एक चव असते, तिला भुरकेबुवांकडे चार-पाच शब्द होते. ही ती नव्हती. काहीतरी गरम आणि ओलं जिभेवर आलं आणि गेलं, जसा बसमध्ये कोणी शेजारी बसावा आणि दोन थांब्यांनी उतरून जावा. त्यांनी धार सोडली. धार मात्र बरोबर बसली. "ठीक," ते म्हणाले आणि पुढच्या कपाकडे वळले. तोही शेजारी आला आणि उतरून गेला. जीभ टाळूला लागली तेव्हा तिथून कागद सोलल्यासारखा आवाज आला, निदान त्यांना तरी आला. मागून त्यांचा मदतनीस येत होता. हा मदतनीस चाळिशीचा, दोन मुलांचा बाप, पण पेढीच्या हिशेबी अजून शिकाऊच होता. त्याने त्या 'ठीक' कपाची भिजलेली पत्ती उचलून नाकाशी नेली, खाली ठेवली, पुन्हा नेली. तो चहा ओलसर गोदामात पडून कुबटलेला होता. सर्दी झालेल्या माणसानेही तो रस्त्याच्या पलीकडून ओळखला असता. मदतनीस आवाज खाली आणून म्हणाला, "बुवा, हा एकदा परत बघता का? माझंच काहीतरी चुकत असेल."

माझंच काहीतरी चुकत असेल. भुरकेबुवांनी परत बघितला, नाकाने ओळखला, बाजूला काढला, मदतनिसाच्या पाठीवर हात ठेवला आणि रांग पुरी केली. पण ते वाक्य छातीत मासळीच्या काट्यासारखं आडवं राहिलं. कारण तरुण असताना हेच वाक्य, याच टेबलापाशी, हाच आवाज लावून त्यांनी आपल्या म्हाताऱ्या गुरूला ऐकवलं होतं. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं होतं. तेव्हा ते कौतुक वाटलं होतं. आता त्या नजरेत दुसरंच काही असावं अशी शंका येत होती, आणि शंका विचारायला म्हातारा उरला नव्हता. त्या वाक्यानंतर तो टेबलाशी फार दिवस टिकलाच नव्हता.

कप अजून कोरडा होता. भुरकेबुवांनी डोळे मिटले. धाकटे साहेब, म्हणजे पेढीच्या मालकांचे चिरंजीव, फार सौजन्याने बोलले होते. तपासून घ्या, म्हणाले. तोवर मदतनीस टेबल सांभाळेल. रिपोर्ट चांगला आला तर प्रश्नच नाही, आणि समजा नाहीच आला, तर पॅकिंगमध्ये अनुभवी माणसाची गरज आहेच. पॅकिंग म्हणजे तळमजला. तिथे खोकी असतात. खोक्यांना चिकटपट्टी नीट लागली की नाही ते अनुभवी माणसाने बघायचं असतं. भुरकेबुवांनी मान डोलावली, आभारही मानले. जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं की आपण माणूस असण्याचा बराचसा भाग हनुवटी आणि नाक यांच्या मधेच उरकलेला आहे. हात असे आहेत, पाय तसे आहेत, बुद्धी चारचौघांसारखी. पण तोंड होतं. तोंड गेलं तर उरलेल्याला बोलवायचं काय? पॅकिंगमध्ये भुरके मारत नाहीत. नवीन नाव ठेवतील. चिकटपट्टीबुवा.

काल दुपारी भेटलेली डॉक्टरीण बाई समजावून सांगायला हौशी होती. तिच्या टेबलावर अर्ध्यात कापलेलं रबरी डोकं होतं, त्यात ती पेन खुपसून दाखवत होती. लाळेच्या मोठ्या ग्रंथी तीन जोड्या, एक कानापुढे, एक जबड्याखाली, एक जिभेखाली. दिवसाला लिटरच्या आसपास पाणी त्यांच्यातून येतं आणि आपण ते नकळत गिळत असतो. चहा मुळातच ओला असतो, मग लाळ हवी कशाला, असं भुरकेबुवांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली की चवीच्या कळ्या लाळेवर जगतात, झाडाला आठवड्यातून एकदा टँकर ओतून भागत नाही. भाकरतुकड्यातला पिठूळ भाग लाळ तोंडातच फोडायला घेते, म्हणून नुसता पाव चावत राहिलं तर गोड लागतो. पुढे अन्ननलिका घास लाटेलाटेने खाली ढकलते, तुम्ही डोक्यावर उभे राहिलात तरी. भुरकेबुवा म्हणाले, तेवढी वेळ अजून आलेली नाही. बाई हसली. रक्तदाबाची नवी गोळी असेल, म्हणाली, काळजी असेल, किंवा ग्रंथीच आटत चालल्या असतील. गोळी बदलता येते, काळजी उतरते, ग्रंथी आटल्या तर मग आहे तसं चालवून घ्यायचं. कपात किती पडतं ते बघून सांगते.

मग तिने धंदा विचारला, आणि ऐकल्यावर पेन रबरी डोक्यातच राहू देऊन ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे तोंडात येतं, पण खाली काहीच जात नाही?"

"थेंबभर जात असेल. चुकून."

ती म्हणाली, तोंडात चव आली की पोटाला वर्दी जाते. घास पोचायच्या आधीच पोट रस काढून तयार बसतं. तुमच्या पोटाला दिवसभर वर्दी जाते, पाहुणे निघाले, पाहुणे निघाले, आणि पाहुणे येतच नाहीत. पोट काय म्हणतं? जळजळतं, असं भुरकेबुवांनी सांगितलं. ती म्हणाली, मी असते तर मीही जळले असते.

हे त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. स्टुलावर बसल्या बसल्या, कप हनुवटीखाली धरून, त्यांना स्वतःचं पोट पहिल्यांदाच एक स्वतंत्र व्यक्ती म्हणून दिसू लागलं. खालच्या मजल्यावर राहणारी, शांत स्वभावाची, हात धुऊन, पानं मांडून, दाराशी कान लावून उभी. वरच्या मजल्यावर रोज मेजवान्या, नाना मळ्यांचे, नाना उंचीचे चहे, फुलांच्या वासाचे, धुराच्या वासाचे, ओल्या लाकडाच्या वासाचे. वरून आवाज येतोय, हसणं-खिदळणं ऐकू येतंय, आणि जिन्यावर कोणाचंच पाऊल नाही. संध्याकाळी केव्हातरी पाव आणि पाणी खाली येतं, तेही थकलेलं. त्या व्यक्तीला आपल्या बायकोचा चेहरा केव्हा आला ते भुरकेबुवांना सांगता आलं नसतं. पण आला.

बायको बाहेर बाकावर बसली होती. दाराला फट होती आणि तिचा आवाज येत होता, ती शेजारच्या कुठल्याशा आजारी बाईशी बोलत होती. बायकोला कोणाशीही बोलता येतं. घरीही ती बोलते, आणि भुरकेबुवा ऐकतात. लग्न झालं तेव्हा म्हाताऱ्या गुरूने नव्या नवरीदेखत सांगून टाकलं होतं की बाई, नवरा तुझा, पण जीभ पेढीची. तिला तिखट नको, कच्चा कांदा नको, लसूण नको, आणि कढत तर बिलकूल नको, एकदा पोळली की आठवडा बुडाला. नवरी हसली होती. मग तिने ते पाळलं, कोणी न सांगता त्यात भरही घातली. वासाचं तेल बंद केलं, वासाचा साबण बंद केला. त्यांच्या घरात सगळं कोमट असतं. ताट वाढून ती ते पंख्याखाली ठेवते, बोट लावून बघते, आणि मग हाक मारते, अहो, निवलंय. मुलीच्या लग्नानंतर जावई पहिल्यांदा जेवायला बसला तेव्हा त्या बिचाऱ्याला वाटलं की आपल्याला उशीर झाला. भुरकेबुवा जेवतात, पाणी पितात, आणि म्हणतात, बरं झालंय. "पेढीत चहाला दोनशे शब्द," ती नातेवाइकांत सांगते, "आणि माझ्या स्वयंपाकाला एक. तोही सगळ्याला तोच." नातेवाईक हसतात. तीही हसते. भुरकेबुवा तर सगळ्यांत मोठ्याने हसतात. खरं असं होतं की संध्याकाळी त्यांचं तोंड कामावरून सुटलेलं असे, आणि सुटलेल्या माणसाला पुन्हा कामाचं विचारू नये एवढं तर कोणीही जाणतं.

घड्याळाचा काटा निम्म्यावर आला. कपाच्या तळाशी एक डाग होता, तो बहुधा कपाचाच. काहीतरी केलं पाहिजे. भुरकेबुवांनी लिंबू आठवलं. पिवळं, पातळ सालीचं, सुरीने नुकतंच कापलेलं. लिंबू आलं, पण पेढीच्या भाषेत आलं, उजळ, तीक्ष्ण, शेवट किंचित कडवट, आणि शेरा मारून होताच निघून गेलं. चिंच बोलावली. ती घट्ट, खोल, जरा मातकट. कच्ची कैरी, मीठ लावलेली. हिरवट, चटकन उठणारी, टिकाऊपणा मध्यम. एकेक पदार्थ नमस्कार करून जात होता आणि तोंड वाळवंटासारखं बसून होतं. आयुष्यभर गोळा केलेले सगळे शब्द जागेवर होते, धुतलेल्या कपांसारखे ओळीने, आणि एकातही काही नव्हतं. मग त्यांना वाटलं, आपला वाटा संपला असेल. दिवसाला लिटर म्हणाली डॉक्टरीण. इतरांचं ते फिरून आतच जातं. आपण पिढीभराचं पिकदाणीत ओतलं, धार धरून, लोकांनी टाळ्या वाजवल्या. या विचाराने जबड्याच्या मागे काहीतरी गच्च मिटलं. लाळ भित्री असते, असंही बाई म्हणाली होती. भ्यालं की आटते. मग आटली म्हणून माणूस आणखी भितो. मग पॅकिंग.

बाहेर बायको कशाला तरी हसली. तिचं हे हसणं वेगळं असतं, नाकातून सुरू होतं आणि तिला स्वतःलाच आवरत नाही. आणि त्या हसण्याला धरून, कोणी न बोलावता, स्वयंपाकघराचं दार आलं.

मुलगी तेव्हा शाळेत असेल. भुरकेबुवा दुपारीच परतले होते, पेढीत वीज गेली होती म्हणून. किल्लीने दार उघडून ते मोजे घातलेल्या पायांनी आत आले आणि स्वयंपाकघराशी थांबले. बायको ओट्याला टेकून उभी होती. तिने शेगडीच्या जाळीवर बटाटा भाजला होता, साल काळी पडून फुटलेली. ती तो या हातातून त्या हातात झेलत होती, फुंकर घालत होती, आणि न थांबता बोटांनीच फोडून, वाफ निघत असताना, खड्याच्या मिठात दाबून तोंडात टाकत होती. तोंड उघडं, हा-हू हा-हू. मग हिरवी मिरची, देठाशी धरून, कचकन. मग कांद्याची फोड. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, ते तिने मनगटाने पुसलं आणि पुन्हा बटाटा. ती एकटीच हसत होती, नाकातून. तिला त्यांनी इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांना स्वतःला तिथे काही जागा नव्हती. ते मोज्यांच्या पायांनी मागे गेले, बाहेर पडले, दार लावून घेतलं, आणि कोपऱ्यावर जाऊन एक वर्तमानपत्र संपूर्ण वाचून परत आले. घरात सगळं झाकपाक झालेलं होतं. ओट्यावर त्यांचं ताट निवत होतं. त्या दुपारबद्दल ते कधी बोलले नाहीत. विसरलेच होते म्हणा. निदान त्यांना तसं वाटलं होतं.

पण जाळीवरच्या बटाट्याला शब्द नव्हता. त्याचा वास येत होता. करपलेल्या सालीचा, त्याच्या आतल्या पांढऱ्या पिठूळ वाफेचा, मिरचीच्या ओल्या हिरव्या वासाचा, बायकोच्या मनगटाचा. भुरकेबुवांच्या कानापुढे दोन्ही बाजूंना एकदम कळ आली, सुई टोचल्यासारखी, आणि पाठोपाठ पाणी आलं. आधी जिभेखाली, मग गालांत, मग सगळीकडून. ओठ आपोआप मिटले. जीभ तरंगली. दुष्काळी गावात धरणाचे दरवाजे उघडावेत तसं ते येत राहिलं, चांगलं तोंडभर, कोमट आणि जरासं गोडसर, आणि भुरकेबुवांच्या मिटल्या डोळ्यांच्या कडांनाही थोडं आलं. आहे, त्यांना वाटलं, सगळं आहे. इतकं तोंड भरल्यावर अर्ध्या आयुष्याची सवय जे करते ते तिने केलं. त्यांनी मान जराशी डावीकडे वळवली आणि न बघता धार सोडली.

धार बरोबर बसली. खोलीच्या त्या कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन होतं, त्याच्या अगदी मधोमध.

पांढऱ्या कोटातली मुलगी आवाजाने वळली. तिने बेसिनकडे पाहिलं, मग काकांकडे, मग दोघांच्या मधल्या अंतराकडे. टेबलावरचं घड्याळ वाजलं. तिने येऊन कप उजेडात धरला. तळाशी डाग होता.

"काका," ती म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, थुंकायचं नाही."

भुरकेबुवांनी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. धंदा सांगितला, पिकदाणीची चाकं सांगितली, बटाटा मात्र सांगितला नाही. ती म्हणाली की मोजायचं ते कपातलंच मोजावं लागतं, बेसिनमधलं धरता येत नाही. दुपारी डॉक्टर येतात, तेव्हा परत या, परत घेऊ. मग तिला बहुधा या माणसाची दया आली. ती बेसिनपाशी गेली, वाकून आत बघितलं आणि धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला सांगावं तसं म्हणाली, "पण आटलेलं तोंड असं नसतं. मी रोज बघते."

भुरकेबुवा उठले. गुडघे भरून आले होते, तोंडही. त्यांनी एकदा गिळलं, मुद्दाम, सावकाश, आणि ते खाली जाताना त्यांना जाणवलं, गळ्यातून, छातीच्या मागून, लाटेलाटेने, थेट खालच्या मजल्यावर. दार उघडलं. बायको बाकावरून उठली आणि नुसत्या भुवया वर करून तिने विचारलं. गेला आठवडा ती काहीच विचारत नव्हती, नुसती ताटं निववत होती, रोजच्यापेक्षा जरा जास्त. तिच्या हातात तिची पर्स आणि त्यांची छत्री होती. दुपारी कपात किती पडेल कोणास ठाऊक. पडेल, नाहीतर पॅकिंग. पण भुरकेबुवांना आत्ता एक गोष्ट बोलायची होती, ती मोठी होती, तिच्यात बरीच वर्षं होती, आणि दोनशे शब्दांतला एकही तिच्या कामाचा नव्हता.

"संध्याकाळी बटाटे भाज," ते म्हणाले. "जाळीवर. मला गरम दे. कढत. आणि मिरची."

बायकोने छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप नाही," ती म्हणाली. "आणि पेढी?"

"पेढीला कोमट देऊ."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग नाकापासून सुरुवात झाली. भुरकेबुवांना वाटलं, आता हिला सांगावं, त्या दुपारी मी दाराशी होतो, मी मोज्यांनी मागे गेलो, आज इतक्या वर्षांनी तुझ्या त्या मिरचीने माझ्या तोंडाला पाणी आणलं, अगं, मी खरं म्हणजे तेव्हाच यायला हवं होतं आत. त्यांनी तोंड उघडलं, आणि आतून त्या मुलीचा आवाज आला.

"काका, जायच्या आधी तेवढं बेसिनमध्ये पाणी सोडता का? पुढचे पेशंट थांबलेत."